कॅमेऱ्याची निगा आणि आपली हवा

आषाढी एकादशी उलटली की देशाच्या पश्चिम व उत्तर भागांतील लग्नांचे मुहूर्त संपतात आणि ते कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा सुरू होतात. तमिळनाडूत आडी महिन्यात व केरळात कर्कटकम् महिन्यात शुभकार्ये टाळली जातात. लहानमोठ्या गावांतील व्यावसायिक छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा मंदीचा काळ होय. एरवी ज्याला उसंत नसते तो कॅमेरा या दिवसांत पुसून, कातडी पिशवीत घालून, कपाटात ठेवून दिला जातो. मालक निश्चिंत असतो. वापरच नाही तर बिघाड कोठून होणार, असा त्याचा साधा हिशेब असतो.

हा हिशेब अनेकदा चुकतो. दिवाळीनंतर लग्नाची पहिली ऑर्डर येते, कॅमेरा बाहेर निघतो आणि छायाचित्रे काहीशी धूसर दिसू लागतात. भिंगाच्या एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने पाहिले असता आतील काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले तंतू आढळतात. ही बुरशी होय. जे भिंग कदाचित हप्त्यांवर घेतलेले असते आणि ज्याचे हप्ते अजून फिटावयाचे असतात, त्याचे नुकसान ते कपाटात स्वस्थ पडून असताना झालेले असते.

कॅमेऱ्याला होणाऱ्या अपायांचे दोन वर्ग करता येतील. पहिला वर्ग आकस्मिक अपायांचा: हातातून पडणे, पाण्यात बुडणे, चोरी, आग. दुसरा वर्ग संथ अपायांचा: दमट हवा, धूळ, खारा वारा, उष्णता. पहिल्या वर्गाची भीती सर्वांनाच वाटते आणि त्यासाठी विमाही उतरविता येतो. दुसऱ्या वर्गाकडे मात्र दुर्लक्ष होते. विमा कंपन्या झीज, गंज, बुरशी व हळूहळू होणारा ऱ्हास यांची भरपाई सामान्यतः देत नाहीत आणि उत्पादकाच्या हमीतूनही असे नुकसान बहुधा वगळलेले असते. म्हणजेच ज्या अपायाचा धोका आपल्या हवामानात सर्वांत अधिक, त्याचा खर्च पूर्णपणे मालकाच्याच माथी येतो. सुदैवाची गोष्ट अशी की तो टाळण्याचे उपाय स्वस्त आणि साधे आहेत.

बुरशी कशी वाढते

बुरशीची बीजुके हवेत सर्वत्र असतात. भिंग कितीही काळजीपूर्वक जोडलेले असले तरी त्याच्या आत ती शिरलेलीच असतात असे धरून चालावे. त्यांना अन्न फार थोडे लागते. बोटांचा तेलकट ठसा, वंगणाचा सूक्ष्म थर, धुळीतील सेंद्रिय कण एवढ्यावर त्यांचे भागते. त्यांना खरी गरज असते ती ओलाव्याची. सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे बराच काळ राहिली, हवा उबदार असली आणि जागा अंधारी व वाराबंद असली, की बीजुकांतून तंतू फुटू लागतात. पावसाळ्यातील कोकण, केरळ, बंगाल व आसाम येथील बंद कपाटात या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण होतात.

बुरशी काचेवर केवळ पसरून राहत नाही. तिच्यातून सेंद्रिय आम्ले स्रवतात आणि भिंगावरील लेप व कालांतराने काचही खरवडली जाते. या लेपाचे महत्त्व मोठे आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. भिंगात दहाबारा काचा असतील तर बराचसा प्रकाश वाया जातो व उरलेल्यात धूसरपणा येतो. १९३५ मध्ये जर्मनीतील कार्ल झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधून काढली. अशा एका थराची जाडी साधारणपणे मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकी असते. एवढा नाजूक थर आम्लापुढे फार काळ टिकत नाही, हे सांगावयास नको.

उष्ण व दमट प्रदेशांत ही अडचण जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील उत्पादक भारतासारख्या देशांसाठी सागवानी लाकडाचे, सांध्यांना पितळी पट्ट्या ठोकलेले खास कॅमेरे बनवीत. येथील हवेत साध्या लाकडाचे सरसाने जोडलेले सांधे सुटत. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलांत लढणाऱ्या सैन्याच्या दुर्बिणी व अन्य प्रकाशीय उपकरणे बुरशीमुळे निकामी होऊ लागली, तेव्हा ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या बुरशीचा अभ्यास हाती घेतला. तिला रोखण्यासाठी त्यांनी पाऱ्याच्या एका संयुगाचा उपयोग केला. पाऱ्याची संयुगे विषारी असल्यामुळे तो मार्ग घरगुती वापराचा नव्हे. घरी करावयाचा उपाय एकच, आणि तो म्हणजे बुरशीला ओलावा मिळू न देणे.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय

हा उपाय नीट समजण्यासाठी सापेक्ष आर्द्रतेचा अर्थ ध्यानात घ्यावयास हवा. हवा जितकी उष्ण तितकी बाष्प सामावून घेण्याची तिची क्षमता अधिक. २० अंश सेल्सियस तपमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, तर ३० अंशाला सुमारे ३० ग्रॅम. या कमाल प्रमाणाच्या किती टक्के बाष्प हवेत प्रत्यक्ष आहे, हे सापेक्ष आर्द्रतेवरून कळते. ती कमी करण्याचे मार्ग यामुळे दोनच उरतात. एक तर हवेतील बाष्प काढून घ्यावयाचे, अथवा हवा किंचित तापवावयाची.

पहिल्या मार्गासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा व सिलिका जेल एवढी सामग्री पुरते. समजा, डबा २० लिटरचा आहे आणि बाहेरची हवा ३० अंश तपमानाची व ८० टक्के आर्द्रतेची आहे. अशा डब्यातील हवेत एकूण बाष्प असते अवघे अर्धा ग्रॅम. १०० ग्रॅम सिलिका जेल २० ते ३० ग्रॅम पाणी शोषू शकते. झाकण खरोखर घट्ट असेल तर एवढे जेल कित्येक आठवडे पुरावयास हरकत नाही. मात्र तेच जेल उघड्या फळीवर किंवा फटी असलेल्या कपाटात ठेवले तर ते बाहेरची हवा शोषीत राहते व काही दिवसांतच निरुपयोगी होते. जेलच्या पुड्या पिशवीत टाकूनही बुरशी आली अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोष जेलचा नसून झाकणाचा असतो.

जेलचे खडे रंग बदलून आपली अवस्था सांगतात. निळे खडे ओलाव्याने गुलाबी होतात, नारिंगी खडे बहुधा हिरवट होतात. निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड हे अपायकारक द्रव्य असते, म्हणून शक्यतो नारिंगी खडे वापरावेत. रंग बदललेले खडे भट्टीत सुमारे ११० ते १२० अंशांवर दोनतीन तास तापविले की ते पुन्हा उपयोगी पडतात. ते थंड झाल्यावरच डब्यात ठेवावेत.

डब्यात एक लहान आर्द्रतामापक अवश्य ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असणे उत्तम. तो ६० च्या वर जाऊ देऊ नये. उलट ३० टक्क्यांच्या खालीही फार काळ ठेवू नये. अति कोरड्या हवेने रबरी भाग व वंगण सुकण्याची भीती असते. ज्यांच्याकडे बरीच उपकरणे आहेत त्यांच्यासाठी विजेवर चालणारी शुष्क कपाटे मिळतात. त्यांत आर्द्रतेचे प्रमाण ठरवून देता येते व खडे तापविण्याचा खटाटोप उरत नाही. डबा, जेल व मापक यांचा खर्च काही शे रुपये आणि अशा कपाटाचा काही हजार रुपये. चांगल्या भिंगाची किंमत मात्र कित्येक दहा हजारांत, क्वचित लाखांत जाते.

दुसरा मार्ग म्हणजे कपाटात विजेचा लहान दिवा लावण्याचा. जुन्या स्टुडिओंत तो सर्रास आढळे. २८ अंशांवर ८५ टक्के दमट असलेली हवा ३५ अंशांपर्यंत तापविली की तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली येते, यातच त्याचे मर्म आहे. परंतु या उपायाला मर्यादा आहेत. दिवा विझला की हवा निवते व आर्द्रता पूर्वपदावर येते. भिंग दिव्याच्या अगदी जवळ असेल तर उष्णतेने आतील वंगण पातळ होऊन डायफ्रामच्या पात्यांवर उतरते. शिवाय हल्लीचे एलईडी दिवे फारशी उष्णता देत नाहीत. त्यांच्या प्रकाशाने कपाट उजळेल, पण कोरडे होणार नाही.

काही घरगुती समजुतींचाही येथे विचार करावयास हवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवल्याने ओलावा शोषला जातो, असा समज आहे. सिलिका जेलच्या तुलनेने तांदळाची शोषणशक्ती क्षुल्लक असते आणि त्याची भुकटी मात्र फटींतून आत शिरते. कपड्यांच्या कपाटातील डांबराच्या गोळ्या व कापूर यांची वाफ उपकरणांना अपायकारक ठरते, म्हणून ती त्यांच्याजवळ असू नयेत. कातडी पिशवी मिरविण्यास शोभिवंत खरी, पण कातडे ओलावा धरून ठेवते व त्याच्यावरही बुरशी सहज वाढते. प्रवासासाठी पिशवी आणि मुक्कामासाठी डबा, असा नियमच करावा.

गार खोलीतून दमट अंगणात

हवा निवत गेली की एका विशिष्ट तपमानाला तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते. त्या तपमानास दवबिंदू म्हणतात. ३० अंशांच्या, ८० टक्के दमट हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. वातानुकूलित खोलीत अगर मोटारीत २२ अंशांना गार झालेला कॅमेरा अशा हवेत आणताच त्याच्यावर दव जमते, ते यामुळेच. बाहेरच्या काचेवरील दव पुसता येते. आतल्या काचांवर व विद्युत्‌मंडलांवर जमलेले दव दिसत नाही आणि पुसताही येत नाही. चेन्नई, कोलकाता वा मुंबई येथील गार सभागृहातून बाहेरच्या मंडपात धावपळ करणाऱ्या छायाचित्रकाराच्या उपकरणांवर हा प्रसंग एका दिवसात अनेकदा ओढवतो.

उपाय सोपा आहे. जागा बदलण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत बंद करावा व नव्या जागेत आल्यावर अर्धापाऊण तास ती उघडू नये. लडाखच्या हिवाळ्यात याच नियमाची उलट बाजू अनुभवास येते. तेथे बाहेरचा कॅमेरा अतिशय थंड असतो व माणसांच्या श्वासांनी आणि चुलीवरील पाण्याच्या वाफेने खोलीची हवा दमट झालेली असते. म्हणून आत येण्यापूर्वीच कॅमेरा प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत घालावा. दव पिशवीवर जमते, कॅमेऱ्यावर नाही. थंडीत बॅटरी लवकर मंदावते, तेव्हा जादा बॅटरी अंगाशी, कपड्यांच्या आत बाळगावी.

धूळ आणि पुसणे

राजस्थान, कच्छ किंवा उन्हाळ्यातील दख्खनचे पठार येथे ओलाव्याची जागा धूळ घेते. वाळूचे कण प्रामुख्याने क्वार्ट्‌झचे असतात. मोस यांच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे, तर काचेचा साधारणपणे ५ ते ६. भिंगावर धूळ असताना रुमालाने अथवा सदऱ्याच्या टोकाने ते पुसणे म्हणजे अधिक कठीण पदार्थाने कमी कठीण पदार्थ घासणे होय. पुष्कळ भिंगांवरील ओरखडे धुळीने पडत नाहीत, पुसण्याने पडतात.

यास्तव सफाईचा क्रम ठरलेला असावा. प्रथम रबरी फुग्याने हवा मारून सुटे कण उडवावेत. नंतर मऊ ब्रशाने चिकटलेले कण अलगद झाडावेत. एवढ्यानंतरही डाग राहिलाच तर भिंगासाठीच्या मऊ कापडावर सफाईद्रवाचा एखादा थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे गोलाकार पुसावे. द्रव थेट काचेवर ओतू नये, कारण तो कडेने आत झिरपतो. तोंडाने फुंकर मारू नये. तिच्याबरोबर थुंकीचे शिंतोडे उडतात आणि बुरशीला तेवढे पुरते. वाऱ्याच्या व धुळीच्या ठिकाणी भिंगे बदलण्याचे टाळावे. अगदीच आवश्यक असेल तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवून बदलावे.

आकस्मिक अपाय

धक्क्यापासून रक्षण करण्यासाठी पट्टा गळ्यात अगर मनगटात असणे आणि पिशवीत प्रत्येक वस्तूस स्वतंत्र, मऊ अस्तराचा कप्पा असणे ही किमान गरज आहे. भिंगावरची संरक्षक झडपी, म्हणजे हूड, पडताना पहिला आघात स्वतःवर घेते. तिवईवर कॅमेरा चढविल्यावर तिचा एक पाय छायाचित्रणाच्या दिशेने ठेवावा आणि वारा असल्यास मधल्या दांड्यास वजन टांगावे. समारंभात तिवईचे पाय येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत येणार नाहीत एवढे पाहिले तरी पुष्कळ अपघात टळतात.

समुद्राचे पाणी साध्या पाण्याहून फार घातक असते, कारण पाणी सुकले तरी क्षार आत राहतो व धातूचे सांधे गंजवितो. किनाऱ्यावरून परतल्यावर कॅमेऱ्याचे बाहेरील अंग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडलाच तर तो चालू आहे का हे पाहण्याचा मोह आवरावा. बॅटरी काढावी आणि तो विलंब न लावता जाणत्या कारागिराकडे न्यावा. कॅमेरा पावसाळी हवेत वापरण्याजोगा असल्याचे उत्पादकाने सांगितले असले, तरी त्याचा अर्थ तो पाण्यात बुडविता येतो असा नव्हे.

अलीकडे एक नवा धोका उत्पन्न झाला आहे. मिरवणुकांत व लग्नसमारंभांत लेसर किरणांचे झोत सोडण्याची पद्धत पडली आहे. असा झोत भिंगातून थेट आत शिरला तर प्रकाशसंवेदकाचा तेवढा भाग क्षणार्धात कायमचा जळू शकतो. झोत आपल्या दिशेने फिरताच कॅमेऱ्याचे तोंड वळविणे, हाच येथे उपाय होय.

दुरुस्ती आणि विमा

बुरशी आढळलीच तर काय करावे? ती कोवळी असेल, तंतू काचेवर नुकतेच पसरू लागले असतील, तर कुशल कारागीर भिंग उघडून ते स्वच्छ करू शकतो व पुष्कळदा कोणतीही खूण राहत नाही. मात्र लेप खरवडला गेला असेल तर सफाईनंतरही डाग उरतो आणि ती काचच बदलावी लागते. तिचा खर्च कधीकधी जुन्या भिंगाच्या किमतीएवढा होतो. दोन महिन्यांचा विलंब हा किरकोळ खर्च व मोठा खर्च यांतील फरक ठरू शकतो. भिंग उन्हात ठेवल्याने बुरशी जाते असे काहीजण मानतात. त्याने तंतू नाहीसे होत नाहीत आणि भिंगातून एकवटलेल्या उन्हाने जवळचे कापड वा कागद पेटू शकतो. घरी भिंग उघडण्याचा प्रयत्नही करू नये; काचांची मांडणी केसभर ढळली तरी प्रतिमेची स्पष्टता जाते. जुने भिंग विकत घेताना मात्र विजेरीची परीक्षा न चुकता करावी.

आकस्मिक अपायांसाठी विमा उपयोगी आहे, पण त्याच्या अटी आधी वाचावयास हव्यात. व्यवसायासाठी वापरली जाणारी उपकरणे तशी नमूद न केल्यास दावा फेटाळला जाण्याचा संभव असतो. मोटारीत राखणीवाचून ठेवलेल्या वस्तूंची चोरी पुष्कळ पॉलिसींत धरली जात नाही. खरेदीची पावती व प्रत्येक उपकरणाचा क्रमांक घरी स्वतंत्र लिहून ठेवावा, कारण चोरीची फिर्याद नोंदविताना व दावा करताना त्यांचीच गरज पडते.

या सर्व सूचनांचा मेळ एका साध्या दिनक्रमात घालता येतो. पावसाळा सुरू होण्यापूर्वी सर्व उपकरणे स्वच्छ करून, पूर्ण कोरडी करून डब्यात ठेवावीत. दर आठवड्यास मापकाचा काटा व जेलचा रंग पाहावा. दर पंधरवड्यास कॅमेरा बाहेर काढून शटर, डायफ्राम व भिंगाचे कडे चालवून पाहावे आणि विजेरीने आतील काचा तपासाव्यात. या कामास अर्धा तासही लागत नाही. मंदीच्या चार महिन्यांत छायाचित्रकाराजवळ वेळ तर असतोच. तो अशा रीतीने खर्ची घातला, तर कार्तिकातील पहिल्या मुहूर्ताला त्याचा कॅमेरा कामास तयार असतो आणि हंगामाची पहिली मिळकत दुरुस्तीच्या दुकानात जमा करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.